हंगामाबाहेरचा बर्फ: स्कीच्या बंद उतारावर स्लेज चालवणाऱ्या नवख्यांसाठी

सोलापुरातून बर्फ पाहायला निघणाऱ्या बहुतेक कुटुंबांचे वेळापत्रक शाळेच्या सुट्ट्या ठरवतात. एक तर दिवाळीची सुट्टी असते, नाही तर मे महिना, जेव्हा शहराचा पारा 40 अंशांच्या पुढे गेलेला असतो आणि दुपारी नवी पेठसुद्धा ओस पडते. हिमालयातील स्कीचा हंगाम मात्र या दोन्ही सुट्ट्यांच्या बरोबर मधोमध येतो. काश्मीरमधील गुलमर्गला तो साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत चालतो, उत्तराखंडातील औलीला जानेवारीपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत. म्हणजे संक्रांतीला आपल्याकडे सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरलेली असते तेव्हा तिकडचे उतार ऐन भरात असतात, आणि आपण सुट्टी काढून पोहोचतो तेव्हा ते सुरू तरी व्हायचे असतात किंवा बंद तरी झालेले असतात. त्या बंद उतारांवर जो काही बर्फ उरलेला असतो, त्यावर मुलांना स्लेजवर, म्हणजे बर्फावरून घसरणाऱ्या बिनचाकी गाडीवर, बसवून घसरण्याची हौस प्रत्येकाला असते. ही हौस योग्यच आहे आणि ती नीट पुरी करता येते, पण हंगामातल्या उताराचे नियम तिला लागू पडत नाहीत. म्हणून हा लेख.

हंगाम चालू असताना उतारावर अनेक माणसे आपल्यासाठी काम करत असतात. रात्री यंत्राने बर्फ दाबून सपाट केला जातो, लिफ्टच्या खांबांना गाद्या बांधल्या जातात, धोक्याच्या कडेला जाळी किंवा दोरी लावली जाते, आणि गस्तीचे पथक सकाळी उतार पाहून मगच लोकांना सोडते. हंगाम संपला की गाद्या काढल्या जातात, दोऱ्या गुंडाळल्या जातात, पथक घरी जाते. उतार दिसायला तोच असतो, पण त्याची राखण करणारे कोणी नसते. ती राखण आपण स्वतः करायची आहे, हे मनाशी पक्के करूनच पुढच्या पायऱ्या वाचाव्यात.

काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या अखेरीस आम्ही हिमाचलातील अशाच एका बंद उतारावर गेलो होतो. भाची चौदा वर्षांची होती. वरचा बर्फ पांढराशुभ्र होता, उतार सौम्य होता, ती स्लेजवर व्यवस्थित पाय पुढे करून बसली होती आणि वेगही फार नव्हता. खाली मात्र बर्फाचा थर पातळ होत होत करड्या रंगाची एक कड आली, आणि कडेच्या पुढे ओले गवत होते. गवताला टेकताच स्लेज जागच्या जागी थांबली, पण भाची थांबली नाही. ती पुढे फेकली गेली आणि उजवा हात जमिनीवर टेकला. मनगट मोडले. एक्स-रे काढण्याची सोय दीड तासाच्या अंतरावर होती. निघण्यापूर्वी मी उताराचा वरचा भाग पंधरा मिनिटे पाहिला होता. खालचा शेवट एकदाही पाहिला नव्हता. त्या दिवसापासून मी कोणताही उतार खालून वर पाहतो, आणि आपल्यालाही तेच करण्याची कळकळीची विनंती आहे.

पहिली पायरी: महिना आणि जागा

दिवाळीच्या सुट्टीतला बर्फ आणि मे महिन्यातला बर्फ या दोन निराळ्या वस्तू आहेत. नोव्हेंबरात पडलेला ताजा बर्फ मऊ व देखणा असतो, पण त्याखाली पाया तयार झालेला नसतो. दहा-पंधरा सेंटिमीटरच्या थराखाली दगड, झाडांचे बुंधे आणि कुंपणाच्या तारा तशाच असतात, फक्त दिसत नाहीत. अशा थरावर स्लेज चालवण्याचा विचार सोडून द्यावा. मुलांना बर्फात खेळू द्यावे, तेवढे पुरे आहे. मे महिन्यातला बर्फ जुना, अनेकदा वितळून पुन्हा गोठलेला, दाणेदार आणि जड असतो. त्याचे धोके निराळे आहेत, पण ते डोळ्यांना दिसतात, आणि म्हणून नवख्या माणसाला तोच अधिक सोयीचा पडतो.

मे महिन्यात गुलमर्गच्या खालच्या कुरणात बहुधा गवत असते. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे. केबल कारचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, म्हणजे सुमारे 3,100 मीटरपर्यंत जातो आणि दुसरा टप्पा अफरवट पर्वताच्या अंगावर सुमारे 3,950 मीटरपर्यंत पोहोचतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत बर्फ मिळतो तो मुख्यतः या वरच्या टप्प्यावर. मनालीकडे सोलंगचे उतार सुमारे 2,500 मीटरवर असल्यामुळे मे महिन्यात हिरवे झालेले असतात, आणि लोक 3,978 मीटर उंचीच्या रोहतांगला किंवा अटल बोगद्यापलीकडे कोकसरच्या बाजूला जातात. रोहतांगसाठी वाहनाचा परवाना काढावा लागतो, दररोज ठरावीक वाहनांनाच तो मिळतो आणि मंगळवारी रस्ता पर्यटकांसाठी बंद असतो, म्हणून मुक्कामाचे दिवस ठरवताना हा वार पाहून घ्यावा. औलीला मे महिन्यात बर्फ मिळेल ही आशा ठेवू नये. शिवाय जोशीमठहून औलीला जाणारा रोपवे जानेवारी 2023 मध्ये तिथली जमीन खचू लागल्यानंतर बंद करण्यात आला, त्यामुळे तिकडे जायचेच असेल तर आधी चौकशी करावी.

दिनदर्शिकेवर मात्र फार विसंबू नये. जानेवारी 2024 मध्ये, ऐन हंगामात, गुलमर्गचे उतार कोरडे पडले होते आणि बर्फ महिन्याच्या अगदी शेवटी आला. निघण्याच्या आठवडाभर आधी मुक्कामाच्या हॉटेलला फोन करून त्या दिवशीच्या उताराचे छायाचित्र मागवावे. गेल्या वर्षीचे छायाचित्र पाठवले जाऊ नये म्हणून ते त्या दिवशीचेच हवे, हे स्पष्ट सांगावे.

परवानगीचा प्रश्नही इथेच सोडवावा. स्कीचा उतार हंगामाबाहेर मोकळा दिसला तरी त्याचा अर्थ तो सर्वांसाठी खुला आहे असा होत नाही. जमीन वन विभागाची, पर्यटन महामंडळाची किंवा गावाची असू शकते, आणि वसंतात काही भाग कुरण म्हणून राखलेले असतात. केबल कारच्या खिडकीवर किंवा पर्यटन कार्यालयात सरळ विचारावे की स्लेजसाठी कोणता भाग मोकळा आहे. जिथे दोरी, फलक किंवा नुसती आडवी टाकलेली बल्ली असेल, तिच्या पलीकडे जाऊ नये.

ज्यांची मुले युरोपात किंवा अमेरिकेत नोकरीला आहेत आणि जे तिकडे जाऊन हा खेळ करू पाहतात, त्यांच्यासाठी एक गोष्ट वेगळी सांगणे भाग आहे. तिथल्या अनेक रिसॉर्टमध्ये स्कीच्या उतारावर स्लेजला हंगामातही बंदी असते, आणि हंगामात संध्याकाळी लिफ्ट थांबल्यावर तर उतारावर पायही ठेवू नये. बर्फ दाबणारी यंत्रे चढाच्या उतारावर पोलादी दोराच्या आधाराने चालतात. तो दोर शेकडो मीटर लांब ताणलेला असतो, अंधारात दिसत नाही आणि एकाएकी जमिनीवरून उचलला जातो. या दोराला धडकून माणसे दगावली आहेत. स्वित्झर्लंडसारख्या देशात स्लेजसाठी स्वतंत्र वाटा आखलेल्या असतात. ग्रिंडेलवाल्डजवळची अशी एक वाट सुमारे 15 किलोमीटर लांब आहे. तिकडे गेलात तर अशा आखलेल्या वाटेवरच जावे.

दुसरी पायरी: सोलापुरातून काय न्यावे

सोलापुरी टॉवेल पाणी शोषून घेण्यासाठी नावाजलेला आहे, आणि सुती कपड्याचा हाच गुण बर्फात दोष ठरतो. अंगालगतचा सुती बनियन किंवा जीन्सची पँट एकदा भिजली की वाळत नाही आणि शरीराची ऊब ओढून घेते. म्हणून अंगालगत पॉलिस्टरचा किंवा लोकरीचा कपडा, त्यावर स्वेटर आणि सर्वांत वर पाणी न शिरणारे जाकीट असा क्रम ठेवावा. आपली सोलापुरी चादर अवश्य न्यावी, पण ती गाडीत आणि खोलीत वापरण्यासाठी. परतल्यावर भिजलेल्या मुलाचे कपडे बदलून त्याला कोरड्या चादरीत गुंडाळण्यासारखे सुख नाही.

कोट आणि गमबूट तिथे भाड्याने मिळतात. मनालीहून वर जाणाऱ्या रस्त्यावर क्रमांक घातलेली दुकाने ओळीने आहेत, आणि तंगमर्ग व गुलमर्गलाही अशी दुकाने आहेत. भाड्याचे बूट घालण्यापूर्वी आत हात घालून ते ओले नाहीत ना हे पाहावे, आणि जाड मोज्यांवर बोटे हलवता येतील एवढे ते सैल घ्यावेत, कारण घट्ट बुटात रक्त नीट फिरत नाही व पाय लवकर गारठतो. हेल्मेट मात्र घरूनच न्यावे. हंगामाबाहेर ते भाड्याने मिळेलच असे नाही, आणि मुलांच्या मापाचे तर क्वचितच मिळते. सायकलचे हेल्मेट चालेल. डोक्यावर न हलणारे आणि हनुवटीखाली पट्टा लागणारे असावे. या खेळात डोक्याला लागणारा मार हाच सर्वांत वाईट असतो, म्हणून हेल्मेटवर मी कोणतीही तडजोड करत नाही.

काळा चष्मा अतिनील किरण अडवणारा असावा. उंचीवर दर हजार मीटरला ही किरणे सुमारे 10 टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांचा बराच मोठा भाग परत डोळ्यांकडे फेकतो. दिवसभर उघड्या डोळ्यांनी वावरल्यास संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचते, पाणी येते, उजेड सहन होत नाही. लहान मुलांच्या बाबतीत खेळण्यातला रंगीत चष्मा घातला की झाले असे समजले जाते, ते घातक आहे. नुसत्या गडद काचेमागे डोळ्याची बाहुली मोठी होते आणि किरण अधिकच आत जातात.

काश्मीरला जाणाऱ्यांनी आणखी एक व्यवस्था करावी. बाहेरच्या राज्यातील प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. गटात किमान दोघांकडे पोस्टपेड क्रमांक असावा. उतारावर कोणाला लागले तर मदतीसाठी 112 लावता आला पाहिजे.

तिसरी पायरी: घरीच करायचा सराव

आपल्याकडे बर्फ नाही म्हणून सराव होत नाही, असे नाही. दोन गोष्टी सोलापुरातच शिकता येतात. पहिली म्हणजे उताराच्या कोनाचा अंदाज. मोबाइलवर पातळी मोजणारे ॲप उतरवून घ्यावे आणि आठवडाभर दिसेल त्या उतारावर फोन आडवा ठेवून पाहावा. नियमाप्रमाणे बांधलेला व्हीलचेअरचा रॅम्प बाराला एक अशा चढणीचा, म्हणजे सुमारे 5 अंशांचा असतो. घराचा जिना 30 अंशांच्या आसपास भरतो. नवख्या माणसासाठी स्लेजचा उतार 10 ते 15 अंशांचा असावा, म्हणजे रॅम्पपेक्षा चढा आणि जिन्याच्या निम्म्याहून अधिक नाही. बर्फावर सगळे पांढरे असल्यामुळे डोळा फसतो. आधी हातपायांना कोन ओळखीचा झालेला असला की तिथे चूक होत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कुशीवर लोळून बाहेर पडणे. स्लेज आवरत नसेल तर तिच्यावरून बाजूला लोळून उतरणे हाच शेवटचा ब्रेक असतो. सोसायटीच्या हिरवळीवर किंवा शेतातल्या मऊ मातीवर एक पोते पसरून मुलाला त्यावर बसवावे, कोणीतरी सावकाश ओढावे, आणि ‘सोड’ म्हणताच त्याने हात छातीशी घेऊन, हनुवटी आत ओढून कुशीवर लोळावे. पडताना हात पसरून जमिनीला टेकवण्याची सवय प्रत्येकाला असते आणि मनगटे त्यानेच मोडतात. दहा-पंधरा वेळा असे लोळले की ही सवय मोडते. माझ्या भाचीला हे आधी शिकवले असते तर, असे मला अजून वाटते.

चौथी पायरी: पोहोचल्यावर पहिला दिवस

सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 450 मीटरवर आहे. कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली गाठून तिथून विमानाने श्रीनगर आणि दुसऱ्याच दिवशी केबल कारने अफरवट असा कार्यक्रम आखला, तर शरीर दोन दिवसांत साडेतीन किलोमीटर वर चढते. 4,000 मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे 60 टक्केच असतो. म्हणून पोहोचल्यावर एक रात्र अडीच हजार मीटरच्या आसपास काढावी, पाणी भरपूर प्यावे, आणि डोके दुखणे, मळमळ किंवा तोल जाणे यांपैकी काही जाणवले तर वर जाऊ नये. वर गेल्यावर जाणवले तर स्लेज बाजूला ठेवून खाली उतरावे. हृदयविकार, दमा किंवा वाढता रक्तदाब असलेल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

पाचवी पायरी: उतार खालून वर पाहणे

सगळ्यांत जास्त वेळ या पायरीला द्यावा. उताराच्या पायथ्याशी उभे राहून आधी शेवट पाहावा: स्लेज जिथे थांबणार आहे तिथे काय आहे? बर्फ संपून गवत, चिखल किंवा दगड लागत असतील तर ती जागा बाद. रस्ता, ओढा, इमारत, कुंपण, झाड, उभी वाहने यांपैकी काहीही समोर असेल तरी बाद. समोर सपाट किंवा किंचित उलट चढ असलेला, बर्फाने पूर्ण झाकलेला पट्टा हवा.

तो किती लांब हवा, याचा हिशेब सोपा आहे. मऊ, ओलसर बर्फावर घर्षणाचा गुणांक, म्हणजे घसरणीला होणाऱ्या विरोधाचे माप, 0.1 धरला, तर स्लेज सुटल्या जागेपासून, आडवे मोजल्यास, उंचीच्या दसपट अंतर जाऊन थांबते. उंची 5 मीटर, म्हणजे जेमतेम दीड मजला असेल, तर थांबायला 50 मीटर लागतात. तोच उतार सकाळी गोठून कडक झालेला असेल आणि गुणांक निम्मा, म्हणजे 0.05 झाला, तर 100 मीटर लागतात. कोन 15 अंशांचा असेल तर या दीड मजल्याच्या उतारावरूनही पायथ्याशी वेग ताशी 28 ते 32 किलोमीटर होतो. सोलापुरातल्या गर्दीच्या रस्त्यावर दुचाकीही इतक्या वेगाने जात नाही, आणि दुचाकीला निदान ब्रेक असतो.

उंची मोजायला कोणतेही साधन लागत नाही. पायथ्याशी ताठ उभे राहावे, फोन डोळ्यांच्या रेषेत आडवा धरून अगदी समपातळीत समोरच्या उतारावर पाहावे आणि नजर जिथे टेकते ती जागा लक्षात ठेवून तिथे चालत जावे. आपण आता आपल्या डोळ्यांच्या उंचीइतके, म्हणजे सुमारे दीड मीटर वर आलो. असे तीन वेळा केले की साडेचार मीटर झाले. पहिल्या दिवशी इथेच थांबावे आणि इथूनच स्लेज सोडावी, मग वर कितीही उतार शिल्लक असो. अंतर पावलांनी मोजावे; बर्फात पाऊल आखूड पडते, म्हणून 50 मीटरसाठी 100 पावले धरावीत.

शेवट पसंत पडला की त्याच रेषेने पायी वर चढावे आणि वाटेत काठीने बर्फ टोचत जावे. काठी एकदम आत गेली तर खाली पोकळी आहे. वसंतात वितळलेले पाणी बर्फाखालून वाहते आणि वरून छप्परासारखा थर उरतो. जागोजागी थांबून कान दिला तर खळखळ ऐकू येते. अशा जागेच्या दोन्ही बाजूंनी दहा-दहा पावले सोडून द्यावीत. लिफ्टचे खांब हंगामाबाहेर उघडे लोखंड असतात आणि त्यांच्या मुळाशी बर्फ वितळून खड्डे पडलेले असतात. ज्या उतारांवर कृत्रिम बर्फ पाडण्याची यंत्रणा आहे, तिथे कडेने पाण्याच्या नळांची तोंडे जमिनीबाहेर आलेली असतात, तीही पाहून ठेवावीत. आपल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना किमान पाच मीटरपर्यंत असे काहीही नको.

शेवटी मान वर करून उताराच्या माथ्याकडे पाहावे. 30 ते 45 अंशांच्या चढ्या उतारावरून हिमस्खलन होण्याचा धोका सर्वाधिक असतो, आणि आपला उतार सौम्य असला तरी त्याच्या डोक्यावर असा चढ असेल तर येणारा लोंढा आपल्यावरच येतो. फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवटच्या हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीपटू मृत्युमुखी पडले. तो ऐन हंगाम होता आणि ते नवखे पर्यटक नव्हते. वसंतात दुपारच्या उन्हाने ओला झालेला जड बर्फ सुटतो. वरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळत येताना दिसले तर खेळ तत्क्षणी थांबवून बाजूला जावे.

सहावी पायरी: वेळ

मराठीत आपण आकाशातून पडणाऱ्यालाही बर्फ म्हणतो आणि कारखान्यातल्या लादीलाही. हंगामाबाहेरच्या उतारावर हे दोन्ही एकाच दिवशी भेटतात. रात्री गोठल्यामुळे सकाळी सात-आठ वाजता पृष्ठभाग लादीसारखा असतो: टाच रुतत नाही, ब्रेक लागत नाही आणि पडल्यास कातडे सोलते. सूर्य वर आल्यावर वरचे दोन-तीन सेंटिमीटर मऊ होतात आणि खालचा थर घट्ट राहतो. हीच स्लेजची वेळ, आणि ती फार तर दोन तास टिकते. दुपारनंतर सगळा थर पाणचट होतो, स्लेज रुतते, पाय गुडघ्यापर्यंत जातो.

घड्याळापेक्षा टाचेवर विश्वास ठेवावा. उभे राहून टाच जोरात आपटावी. खूणही उमटली नाही तर थांबावे, चहा घ्यावा, अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे. टाचेचा खळगा उमटून त्याच्या कडा टिकल्या तर सुरुवात करावी. पाऊल घोट्याच्या वर बुडू लागले की आवरते घ्यावे. पूर्वेकडे तोंड असलेला उतार आधी मऊ होतो, उत्तरेचा उशिरा, त्यामुळे एकाच डोंगरावर दोन बाजूंना दोन वेळा असतात. ढगाळ दिवशी कधी कधी दिवसभर कडकपणा जात नाही. त्या दिवशी स्लेज चालवू नये, मग मुलांनी कितीही हट्ट धरला तरी.

सातवी पायरी: बसणे, थांबणे, उतरणे

स्लेजवर नेहमी बसून, पाय पुढे करून उतरावे. पोटावर झोपून डोके पुढे करून घसरणे मुलांना मोहात पाडते, पण त्यात समोर जे येईल ते आधी डोक्याला लागते. गुडघे किंचित वाकलेले, टाचा बाहेर, हात दोरीवर किंवा कडेच्या खाचेत. डावीकडे वळायचे तर डावी टाच हलकेच रोवावी, उजवीकडे वळायचे तर उजवी. थांबायचे तर दोन्ही टाचा एकदम, आणि अंग मागे कलते ठेवावे. पाय ताठ करून टाच एकदम खुपसली तर गुडघ्याला झटका बसतो.

हवा भरलेली ट्यूब आणि गोल थाळी या दोन्हींना दिशा देता येत नाही व त्या फिरत जातात, त्यामुळे उतरताना पाठ पुढे होते. बंद उतारावर त्या टाळून दोरी असलेली लांबट स्लेज घ्यावी. ओढणी, मफलर, फेरनची (काश्मिरी सैल झग्याची) बाही, कॅमेऱ्याचा पट्टा हे सर्व जाकिटाच्या आत खोचावे.

एका वेळी एकच स्लेज सोडावी. खाली एक मोठे माणूस उभे करावे आणि त्याने हात वर केल्याशिवाय वरच्याने निघू नये. चढताना नेहमी कडेने चढावे. पाच वर्षांखालच्या मुलांना एकट्याने सोडू नये, आणि मांडीवर घेऊन बसल्यास त्यांचे पाय आपल्या पायांच्या आत आहेत याची खात्री करावी, कारण बाहेर राहिलेला लहान पाय स्लेजखाली सापडून मुरगळतो.

स्थानिक स्लेजवाल्याची मदत घेणे हा नवख्यांसाठी चांगला मार्ग आहे. गुलमर्गला लाकडी स्लेज ओढणारी माणसे पर्यटकासोबत स्वतः बसून खाली येतात आणि गमबुटाच्या टाचांनी वेग आवरतात. त्यांची टाच पाहत राहिले तरी पुष्कळ शिकता येते. भाडे, फेऱ्यांची संख्या आणि कुठून कुठपर्यंत हे आधीच बोलून घ्यावे. वर चढताना स्लेजही त्यांनाच ओढून न्यावी लागते, हे ध्यानात ठेवून घासाघीस करावी. त्यांनी एखादा उतार नको म्हटले तर तिथे आग्रह धरू नये. त्यांनी तिथला सबंध हिवाळा पाहिलेला असतो.

आठवी पायरी: लागल्यास

मानेला, पाठीला किंवा डोक्याला मार बसला असेल, तर माणसाला उठवून बसवू नये. त्याच्या वरच्या बाजूला एक जण उभा करून इतरांना थांबवावे, अंगावर कोट टाकावेत, शक्य असल्यास अंगाला धक्का न लावता कडेने काही सारून बर्फापासून ऊब टिकवावी, आणि 112 लावावा. हातापायाला लागले असेल तर तो जसा आहे तसाच आधार देऊन बांधावा. ओढून सरळ करू नये. दुपट्टा आणि घडी घातलेले मासिक यांनी मनगटाला उत्तम आधार होतो, आम्ही तेच केले होते. बोटे पांढरी पडून बधिर झाली तर ती चोळू नयेत, शेगडीवरही धरू नयेत. काखेत धरून किंवा कोमट पाण्यात ठेवून सावकाश ऊब द्यावी. प्रवासाचा विमा घेतला असेल तर त्यात साहसी खेळ वगळले आहेत का, हे सोलापुरातच वाचून ठेवावे.

निघताना स्लेज मोजाव्यात आणि तुटलेल्या प्लास्टिकचे तुकडेही उचलावेत. बर्फ वितळल्यावर ते कुरणात राहतात आणि चरणाऱ्या जनावरांच्या पोटात जातात. ओले मोजे गाडीत बसण्यापूर्वीच बदलावेत. खाली उतरायला दोन-तीन तास लागतात आणि मुले तेवढ्यात झोपी जातात.